ब्राइट-साइड की डार्क-साइड?

सोमवार

ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएलचा ‘आय/ओ’ हा अल्बम येऊन बराच काळ लोटला, तरी त्याच्या चाहत्यांमधला तंटा मिटायचं नाव घेत नाही. त्यातलं प्रत्येक गाणं दोन ‘मिक्स’मध्ये आहे, म्हणजे तोच गळा आणि तीच वाद्यं दोन तऱ्हांनी एकत्र बसवलेली. ब्राइट-साइड मिक्स चांगलं की डार्क-साइड? दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना कानच नाहीत म्हणून मोकळे होतात. माझं मत असं बनत चाललंय की या भांडणातला निम्मा भाग गाण्यांबद्दल नाहीच. तो गाणी कोणत्या क्रमाने आली त्याबद्दल आहे, आणि उरलेल्यातला बराचसा आवाज किती मोठा लागला होता याबद्दल.

आधी नुसता हिशेब. 2002 च्या ‘अप’नंतर गॅब्रिएलचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम नव्हता. 2010 मध्ये इतरांची गाणी, 2011 मध्ये स्वतःचीच जुनी गाणी वाद्यवृंदासह, आणि मग नुसतं थांबणं. 6 जानेवारी 2023 ला, वयाची त्र्याहत्तरी जवळ आलेली असताना, त्याने ‘पॅनॉप्टिकॉम’ काढलं आणि दर पौर्णिमेला एक गाणं द्यायचं ठरवलं. त्याच गाण्याचं दुसरं मिक्स त्यानंतरच्या अमावास्येच्या आसपास. 1 डिसेंबरला अल्बम आला तेव्हा त्यातलं कुठलंच गाणं नवं उरलं नव्हतं.

जानेवारी ते नोव्हेंबर महिने अकरा आणि गाणी बारा, हे कसं बसलं? ऑगस्टमध्ये दोन पौर्णिमा होत्या म्हणून. 1 ऑगस्टला ‘ऑलिव्ह ट्री’, 30 ऑगस्टला ‘लव्ह कॅन हील’. आपल्याकडे त्या वर्षी श्रावण अधिक होता, त्यामुळे पंचांगाच्या लेखी जास्तीची पौर्णिमा पहिली, 1 ऑगस्टची. दुसरी आपली नेहमीची नारळी. इंग्रजी रिवाजात उलट, महिन्यातली दुसरी ती जास्तीची, तीच ‘ब्लू मून’. कालनिर्णय भिंतीवर असलेल्या माणसाला या सगळ्या तारखा घरच्या वाटाव्यात: ‘आय/ओ’ हे शीर्षकगीत हनुमान जयंतीला, ‘सो मच’ गुरुपौर्णिमेला, ‘अँड स्टिल’ कोजागिरीला. तिकडच्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं हे उघड आहे, पण तारखा लक्षात ठेवायला आपल्याला सोपं पडतं.

मंगळवार

मिक्स करणारे दोघे. ब्राइट-साइड मार्क ‘स्पाइक’ स्टेंटचं, डार्क-साइड चॅड ब्लेकचं. स्टेंटने मॅडोना आणि ब्यर्कचं काम केलंय. गाण्याचा गळा स्वच्छ पुढे आणणं आणि प्रत्येक वाद्याला आपापली जागा देणं ही त्याची खासियत. ब्लेकने ‘अप’ मिक्स केला होता. तो ड्रम आणि बास मुद्दाम खरबरीत करतो, डावी-उजवीकडची जागा नाटकातल्यासारखी वापरतो. गॅब्रिएलने स्वतः एकाला चित्रकार आणि दुसऱ्याला शिल्पकार म्हटलंय, आणि ते बरोबर आहे. तिसरं इन-साइड मिक्स हान्स-मार्टिन बुफचं, डॉल्बी अ‍ॅटमॉसमध्ये, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येणाऱ्या पद्धतीत. ते वेगळंच प्रकरण आहे, आणि घरात तशी स्पीकरची मांडणी नसेल तर त्यावरून वाद घालू नये.

दोन मिक्स का, याचं चाहत्यांमधलं आवडतं उत्तर ‘औदार्य’. मला ते पटत नाही. या माणसाला गाणं संपवायचा कंटाळा नाही, भीती आहे. ‘प्लेइंग फॉर टाइम’ 2012 च्या दौऱ्यात अर्धवट शब्दांनिशी, वेगळ्याच नावाने तो वाजवत होता; ‘लव्ह कॅन हील’ 2016 च्या दौऱ्यात ऐकून झालं होतं. दोन मिक्स ठेवले की ‘हे अंतिम’ असं म्हणावं लागत नाही. आणि तरी गंमत अशी की पौर्णिमेची तारीख टाळता येत नाही, त्यामुळे या वेळी गाणी बाहेर पडली. या युक्तीचं श्रेय चंद्राला जास्त द्यावं, असं मला वाटतं.

बुधवार

क्रमाचा परिणाम. ‘पॅनॉप्टिकॉम’ पौर्णिमेला आलं ते ब्राइट-साइड. ‘द कोर्ट’, 5 फेब्रुवारीला, डार्क-साइड. म्हणजे दर महिन्याला कुठलं आधी येणार याचा नेम नव्हता. आता चाहत्यांच्या याद्या पाहिल्या तर ‘पॅनॉप्टिकॉम’ला ब्राइट आणि ‘द कोर्ट’ला डार्क अशी जोडी वारंवार दिसते. यात चांगल्या-वाईटाचा निवाडा किती आणि पहिल्यांदा जे ऐकलं त्याची निष्ठा किती? पंधरा दिवस एकच मिक्स कानात बसल्यावर दुसरं आलं की ते ‘बदललेलं’ वाटतं, वेगळं नाही. आधी कानावर पडलेलं ते मूळ, नंतरचं ते प्रयोग, असं मन परस्पर ठरवून टाकतं.

त्यात 18 मे ला क्राकोमधून दौरा सुरू झाला. तोवर पाचच गाणी बाहेर आली होती, पण मंचावर पुढचीही वाजू लागली. टोनी लेव्हिनचा बास, डेव्हिड ऱ्होड्सची गिटार, मनू कात्शेचे ड्रम, म्हणजे अल्बमवरचीच माणसं. ज्यांनी ‘रोड टू जॉय’ आधी सभागृहात ऐकलं, त्यांना नंतर आलेली दोन्ही मिक्स फिकी वाटली तर नवल नाही. त्यांचं मत वेगळ्या खणात ठेवावं.

क्रम पुसायचा उपाय एकच: मधे बराच काळ ते गाणं ऐकायचं नाही, आणि मग कुठलं वाजतंय हे न कळता ऐकायचं.

गुरुवार

‘न कळता’ म्हणजे नेमकं कसं, हे तपशिलात लिहून ठेवायला हवं, कारण बहुतेकांची तुलना इथेच फसते.

पहिली चूक आवाजाच्या पातळीची. अर्धा-एक डेसिबलचा फरक कानाला ‘मोठं’ म्हणून कळत नाही, ‘जास्त जिवंत’ म्हणून कळतो. स्ट्रीमिंगच्या अ‍ॅपमधलं नॉर्मलायझेशन चालू असेल तर ते पातळी जुळवतं खरं, पण स्पॉटिफायवर अख्खा अल्बम ओळीने लावला तर सगळ्या अल्बमला एकच दुरुस्ती मिळते, आणि तेच गाणं प्लेलिस्टमधून लावलं तर त्या गाण्यापुरती वेगळी. त्यामुळे ‘अँड स्टिल’सारखं हळू गाणं सुटं ऐकताना मोठं भासतं आणि अल्बममध्ये मागे सरतं. एकाने सुटं ऐकलं, दुसऱ्याने अल्बममध्ये, आणि दोघे मिक्सवरून भांडतायत!

त्यामुळे दोन सीडींचा संच घ्यावा, दोन्ही डिस्क तोटा न होणाऱ्या फ्लॅकमध्ये उतरवाव्यात. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये एकाच गाण्याची दोन्ही मिक्स एकाखाली एक आणावीत. पहिला स्पष्ट ठोका शोधून, मोठं करून बघून, दोन्ही एका रेषेत सरकवावीत, कारण सुरुवात तंतोतंत जुळेल असं धरून चालू नये. मग प्रत्येक ट्रॅक वेगवेगळा निवडून ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ लावावं, −20 लफ्सला (लफ्स म्हणजे कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप). आजकालचं मास्टरिंग यापेक्षा मोठंच असतं, त्यामुळे पातळी खालीच येते आणि आवाज फाटण्याचा धोका राहत नाही. मग वीस-पंचवीस सेकंदांचे तुकडे काढावेत: एक कडव्यातला, एक ध्रुवपदातला, एक निव्वळ वाद्यांचा. तुकडे वेव्ह फाइल म्हणून काढून दुसऱ्या कुणाकडून त्यांना अक्षरांची नावं देऊन घ्यावीत. कुठलं काय याची चिठ्ठी त्याच्याकडे.

दहा फेऱ्या, दर वेळी क्रम उलटसुलट. दहापैकी निदान नऊ वेळा एकच मिक्स निवडलं गेलं, तर ते निव्वळ नशिबाने व्हायची शक्यता साधारण दोन टक्के. सहा-चार आलं तर मुकाट्याने ‘मला फरक पडत नाही’ लिहावं. एबीएक्स चाचणी इथे निरुपयोगी: ती दोन्ही वेगळी आहेत का हे तपासते, आणि ही दोन मिक्स वेगळी आहेत हे कुणालाही कळतं. प्रश्न आवडीचा आहे.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. लफ्सचं माप खालच्या सुरांना कमी वजन देतं. डार्क-साइडची ताकद बहुतेक वेळा तिथेच, बास आणि मोठ्या ड्रममध्ये. मापाने बरोबरी केली तरी मोठ्या स्पीकरवर डार्क अंगावर येतं आणि मोबाइलच्या स्पीकरवर तेच मिक्स पोकळ वाटतं, कारण तिथे खालचे सूर पोचतच नाहीत. इअरबड कानात सैल बसले तरी हेच. शिवाय रात्री हळू आवाजात ऐकलं की कानच बासकडे दुर्लक्ष करतो. सगळ्या फेऱ्या एकाच साधनावर, एकाच आवाजात कराव्यात. बसण्याच्या जागी साधारण 75 डेसिबल ठीक.

पातळी कशाने जुळवली यावरही निकाल फिरतो. एकूण आवाज सारखा केला की डार्कमधला गळा मागे राहतो. गळा सारखा केला की डार्क एकूणच मोठं होतं आणि बाजी मारतं. दोन्ही प्रकारे करून पाहावं. दोन्हीत जे टिकतं तेवढंच खरं धरावं. माझ्या मते या वादातला सगळ्यात मोठा गोंधळ हाच आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही.

किरकोळ: फोनवर ‘स्पेशियल’ आणि डॉल्बीची स्वयंचलित निवड बंद करावी, नाहीतर स्टिरिओ समजून भलतंच ऐकलं जातं. हेडफोनच्या अ‍ॅपमधला इक्वलायझर सपाट. एलपीवर तुलना करूच नये; एक बाजू ऐकायला बसलं की तबकडीच्या आतल्या वर्तुळांतली विकृती मिक्सच्या माथी मारली जाते.

शुक्रवार

‘फोर काइंड्स ऑफ हॉर्सेस’ 5 मे ला आलं, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी. गाण्याचं बीज अंगुत्तर निकायातल्या चार घोड्यांच्या दृष्टांतात: एक चाबकाची सावली पाहून उमजतो, दुसरा केसाला टोचल्यावर, तिसरा कातडीला, चौथा हाडापर्यंत पोचल्यावर. गॅब्रिएल त्यातून धर्म आणि हिंसा यांच्याकडे वळतो. ब्रायन इनोचे इलेक्ट्रॉनिक आवाज त्यात आहेत. इथे मी निःसंशय डार्कच्या बाजूने. या गाण्यात उजेड जितका कमी तितकं बरं. ‘अँड स्टिल’ आईच्या आठवणीतलं, तिथे गळा जवळ हवा, म्हणून ब्राइट. ‘लिव्ह अँड लेट लिव्ह’मध्ये इतका जमाव आहे की डार्क त्याला चिखलात ओढतं. ‘द कोर्ट’बद्दल माझं ठरत नाही.

2025 च्या ग्रॅमीत उत्तम ध्वनिअभियांत्रिकीचा पुरस्कार दोन्ही मिक्सवाल्यांना, इतर अभियंत्यांसह, मिळून गेला आणि इन-साइडला वेगळा. परीक्षकांनीही निवड टाळली म्हणायची!

रविवार

ज्यांना दोन्हीतलं निवडून स्वतःचा अल्बम बांधायचाय त्यांच्यासाठी. गाण्यांचा क्रम पौर्णिमांचाच ठेवावा, मिक्स मात्र गाण्यागणिक निवडावं. अशी यादी थेट जोडली की दर गाण्याला पातळी उड्या मारते. प्रत्येक गाणं स्वतंत्र नॉर्मलाइझ केलं तर ‘अँड स्टिल’ आणि ‘पॅनॉप्टिकॉम’ एकाच जोराने येतात, आणि चढउतार मरतो. फूबार2000 या प्लेअरमध्ये चोवीसही फाइली एकत्र निवडून रिप्लेगेन, म्हणजे पातळीची दुरुस्ती, ‘एकच अल्बम’ म्हणून मोजावा आणि वाजवताना अल्बम गेन लावावा. दोन डिस्कमध्ये मुळात जो फरक आहे तो तसाच राहतो, म्हणून ज्या ठिकाणी ब्राइटकडून डार्ककडे उडी आहे तिथे गळ्याच्या अंदाजाने ट्रॅक एखाद्या डेसिबलने वर-खाली करावा. क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरताना दुसरं त्यात मिसळणं, बंदच ठेवावा. बाराही गाणी साधारण अडुसष्ट मिनिटांत बसतात, त्यामुळे एका सीडीवर लिहिता येतात.