चक्क्यात लसूण: ल्यों शहरातला एक वाढदिवस

नवऱ्याच्या वाढदिवसाला मी गेली सोळा वर्षे स्वयंपाकघरात असते. सोलापुरात असताना सासूबाईंच्या हाताखाली, नंतर पुण्याच्या भाड्याच्या घरात एकटीने, आणि गेली तीन वर्षे फ्रान्समधल्या ल्यों शहरात, विजेच्या शेगडीवर पुऱ्या फुगतील की नाही या धास्तीत. त्याच्या वाढदिवसाला श्रीखंड-पुरीच लागते, पुरी गरमच लागते, आणि गरम पुरी लाटून तळणाऱ्या माणसाला इतरांबरोबर पानावर बसता येत नाही, हे काही मी सांगायला नको. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याला पंचेचाळीस वर्षे पूर्ण झाली, तेव्हा यंदा बाहेर जेवायचे, तेही इथल्या रीतीने, पहिल्या पदार्थापासून शेवटच्या पदार्थापर्यंत जागेवरून न उठता, असे मी महिनाभर आधीच जाहीर केले. वाढदिवस त्याचा होता, हे मला मान्य आहे.

माझ्या मनात एखादे तारांकित उपाहारगृह होते. ल्यों हे खाण्यापिण्यासाठी साऱ्या फ्रान्समध्ये नावाजलेले शहर, आणि त्या नावलौकिकात बायकांचा वाटा फार मोठा आहे. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाकीण म्हणून राबलेल्या कित्येक जणींनी पुढे स्वतःच्या खाणावळी काढल्या. लोक त्यांना ‘मेर’, म्हणजे आई, म्हणत. त्यांपैकी एजेनी ब्राझिए यांच्या दोन्ही उपाहारगृहांना १९३३ साली, उपाहारगृहांना दर्जाप्रमाणे तारे देणाऱ्या मिशलॅं मार्गदर्शिकेने प्रत्येकी तीन तारे दिले. एकाच वेळी असे सहा तारे मिळवणारी ती पहिलीच व्यक्ती. पुढे जगभर गाजलेले पॉल बोक्यूज हेही उमेदीच्या काळात त्यांच्याच स्वयंपाकघरात शिकले. हे सगळे मी नवऱ्याला उत्साहाने सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “तिथे मला कुठला काटा कधी उचलायचा याचंच टेन्शन येईल. आपण क्रुआ-रूसच्या बुशॉंमध्ये जाऊ.”

बुशॉं म्हणजे ल्योंची खास जुन्या वळणाची खाणावळ. या शब्दाचा एरवीचा अर्थ बाटलीचे बूच, आणि रस्त्यावरच्या वाहतूककोंडीलाही हाच शब्द वापरतात. आत शिरल्यावर दुसरा अर्थ जास्त पटतो. क्रुआ-रूस ही शहराच्या उत्तरेची टेकडी, एकेकाळी रेशीम विणणाऱ्या कारागिरांची. त्यांना ‘कानू’ म्हणत. इथल्याच जोसेफ जॅकार्डने १८०४ साली भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग तयार केला, आणि तो इतका उंच होता की त्याच्यासाठी या टेकडीवर चार-चार मीटर उंचीच्या खोल्यांची घरे बांधावी लागली. ती घरे अजून आहेत, आणि चौकात जॅकार्डचा पुतळाही आहे. माझे सासरे सोलापुरात चादरीच्या कारखान्यात जॅकार्डवर होते. शाळा सुटल्यावर बाद झालेले पुठ्ठे घरी आणून त्यांच्या भोकांतून डोळा लावून बघणे हा नवऱ्याचा लहानपणचा खेळ. ल्योंमध्ये आल्यावर पहिल्याच रविवारी त्याला तो पुतळा बघायचा होता, तेव्हा तारांकित काटेचमचे हरणार हे मला आधीच कळायला हवे होते.

टेबल राखून ठेवण्यासाठी मी फोन केला आणि माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये दोन गोष्टी सांगितल्या: वाढदिवस आहे, आणि मी अंडी खाते पण मांस-मासे खात नाही. पलीकडच्या बाई क्षणभर गप्प झाल्या. बुशॉंच्या पाटीवर आतडी, पोटाचे पडदे आणि डुकराच्या तळलेल्या चरबीचे तुकडे यांचे राज्य असते, त्यामुळे त्या गप्प बसण्याचा मला राग आला नाही. मग त्या म्हणाल्या, “केनेल देईन, माशाशिवाय.” तारीख ऐकून त्या हसल्या तेवढे का, ते मात्र मला त्या संध्याकाळी दारात पोहोचल्यावर कळले. नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार म्हणजे शेजारच्या बोजोले भागातली त्या वर्षीची ताजी वाइन बाजारात येण्याचा दिवस. आम्ही दोघे निवांत जेवायला म्हणून निघालो होतो आणि जाऊन पोहोचलो भर जत्रेत. काचेवर ‘नवी बोजोले आली’ अशा अर्थाचा कागद, फूटपाथवर ग्लास हातात घेऊन उभी माणसे, आणि आत लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ घातलेली टेबले इतकी जवळजवळ लावलेली की माझी खुर्ची बाहेर ओढायला शेजारच्या आजोबांना आपली खुर्ची आत घ्यावी लागली.

बसल्या-बसल्या दोन गोष्टी न मागता आल्या: पावाची परडी आणि नळाच्या पाण्याची सुरई. दोन्हींचे वेगळे पैसे नसतात. पाव बशीत न ठेवता सरळ कापडावर ठेवायचा असतो, हे बघून माझ्या हाताला अजूनही चुकल्यासारखे वाटते. नवऱ्याने नव्या बोजोलेचा एक ‘पो’ मागवला. पो ही इथली खास बाटली, जाड काचेच्या बुडाची, ४६ सेंटिलिटरची, वर लेबल नसलेली. मी दोन घोट घेतले; मला ती करवंदाच्या सरबतासारखी, पण साखर कमी पडलेली वाटली, आणि हे मत मी माझ्यापाशीच ठेवले.

आमच्यासाठी ३४ युरोंचा मेन्यू होता. इथे मेन्यू म्हणजे पदार्थांची यादी नव्हे, तर ठरावीक किमतीचे ताट. यादीला ‘कार्त’ म्हणतात, आणि पहिल्या वर्षी या गोंधळापायी आम्ही दोनदा नको इतके जेवलो होतो. सुरुवातीला मला हिरव्या मसुराचे थंड सॅलड आले, चांगले होते, पण उसळ फोडणीला टाकायची राहून गेली असे प्रत्येक घासाला वाटत राहिले. मग केनेल. मैदा, लोणी, दूध आणि अंडी घोटून केलेला हा चातीच्या आकाराचा लांबट गोळा रश्श्यात बुडवून भट्टीत ठेवतात, आणि तो फुगून दुप्पट होतो. नवऱ्याच्या केनेलमध्ये गोड्या पाण्यातला मासा होता आणि वर झिंग्यांच्या जातीच्या प्राण्याचा केशरी रस्सा. माझ्या वाट्याला साधे केनेल आणि दुधाचा पांढरा रस्सा. फुगलेले केनेल टेबलावर येईपर्यंत बसू नये म्हणून वाढणारी मुलगी जवळजवळ पळत आली. गरम पुरीची घाई मला तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली. फरक इतकाच, की या वेळी मी बसलेली होते.

त्यानंतर आले ‘सेर्व्हेल द कानू’. शब्दशः अर्थ विणकराचा मेंदू, पण घाबरण्याचे कारण नाही, कारण वाडग्यात होता चक्का. खरोखर चक्काच: फ्रोमाज ब्लॉं या मऊ, पांढऱ्या, ताज्या चीजचा. हेच चीज दुकानात भोकांच्या छोट्या टोपलीत पाणी निथळत ठेवलेले मिळते, आणि गेली तीन वर्षे मी ते घरी आणून पंच्यात बांधून त्याचेच श्रीखंड करते आहे. इथे मात्र त्यात लसूण, बारीक चिरलेला छोटा कांदा, पातीसारखी एक वनस्पती, मीठ, मिरी, तेल आणि व्हिनेगर घालून घोटतात. मांस न परवडणाऱ्या विणकरांचे हे खाणे, असे सांगतात. नवऱ्याने पहिला चमचा तोंडात घातला आणि थांबला. पंचेचाळीस वर्षे या रंगाच्या, या दाटपणाच्या पदार्थाकडून त्याच्या जिभेने वेलदोड्याचीच अपेक्षा केली होती. “चक्क्यात लसूण?” तो म्हणाला. मग दुसरा चमचा घेतला, पावावर लावून तिसरा, आणि शेवटी माझ्या वाडग्याकडे बघू लागला.

त्याचे हे चाललेले शेजारचे आजोबा बघत होते. इतक्या खेटून बसल्यावर न बोलणे हाच उद्धटपणा ठरतो, म्हणून त्यांनी आम्ही कुठले ते विचारले. नवऱ्याने सोलापूर, चादर, वडील आणि जॅकार्ड हे चार शब्द कसेबसे एका वाक्यात बसवले. आजोबांनी काटा खाली ठेवला, दोन्ही हात टेबलावर आणले आणि बोटांनी ठेका धरून म्हणाले, “बिस्तांक्लाक-पां, बिस्तांक्लाक-पां.” ल्योंच्या बोलीत मागाचा आवाज असा आहे. नवऱ्याने क्षणभर विचार केला आणि मुठीने टेबलावर उत्तर दिले: “खट-खट-खटाक्.” पुढची पाच मिनिटे दोघांनी तेवढ्याच शब्दांवर गप्पा मारल्या. त्यांच्या पत्नीने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, मीही उंचावल्या. त्यांच्याकडूनच कळले की १८३१ साली कापडाच्या विणाईला ठरावीक किमान दर मिळावा म्हणून कानूंनी बंड केले आणि ते टेकडीवरून खाली शहरात उतरले, तो दिवस २१ नोव्हेंबरच होता.

गोड पदार्थ मालकीणबाईंनी स्वतः आणला. गुलाबी साखरेत घोळवलेल्या बदामांचा टार्ट, रंगाने इतका भडक की नवऱ्याला सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतले साखरफुटाणे आठवले, आणि त्यात एकच मेणबत्ती. फूटपाथवरच्या लोकांसकट सगळ्यांनी फ्रेंचमध्ये वाढदिवसाचे गाणे म्हटले. चाल आपल्याला माहीत असलेलीच असते. त्याने मेणबत्ती फुंकली, आणि सकाळी मी त्याला ओवाळताना निरांजन चुकूनही विझू नये म्हणून धरलेला हात मला आठवला.

कॉफी संपून पाऊण तास झाला तरी बिल आले नाही. इथे ते मागितल्याशिवाय आणत नाहीत, कारण न मागता बिल ठेवणे म्हणजे उठा म्हणणे. सेवेचे पैसे किमतीतच धरलेले असतात, त्यावर द्यायचे ते आपल्या मर्जीने. सव्वासातला बसलेले आम्ही पावणेअकराला उठलो. साडेतीन तासांत मी एकदाही उठले नव्हते, याचे मला त्या जेवणाहून जास्त अप्रूप वाटले.

भारतात तेव्हा पहाटेचे सव्वातीन वाजत आले होते, त्यामुळे सासूबाईंचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

“काय केलं होतंस गं काल?”

“काही नाही आई, बाहेर जेवलो.”

“वाढदिवसाला?” थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. “मग काय खाल्लंत?”

नवऱ्याने माझ्या हातातून फोन घेतला. “चक्का खाल्ला आई. लसूण घालून.”

“अरे,” त्या काळजीने म्हणाल्या, “साखर मिळत नाही का तिथे?”