आईचे साडेसहा तास

2025 च्या जुलैत आई पहिल्यांदाच एकटी ताईकडे, न्यू जर्सीला निघाली. तिकिटावर मुंबईहून सुटायची वेळ रात्री 1.30, नेवार्कला पोचायची सकाळी 8.00, तारीख तीच. आई म्हणाली, “साडेसहा तास? नाशिकहून नागपूरला रेल्वेने याहून जास्त लागतात की!” मी हसलो खरा, पण तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी “प्रवास किती तासांचा?” विचारलं आणि माझ्या तोंडून तेच साडेसहा निघाले. डॉक्टर चष्म्यावरून नुसते बघत राहिले.

मग रात्री बसलोच हिशेबाला. लेकाचा बारा इंची पृथ्वीगोल घेतला आणि मुंबई ते न्यूयॉर्क (नेवार्क त्याच्या शेजारीच) दोरा ताणला. भिंतीवरच्या नकाशामुळे मला वाटत होतं, तो अरबस्तानावरून आडवा जाईल. पण ताणला की दोरा आपोआप वर सरकायचा, थेट आइसलँडच्या कडेने ग्रीनलंडच्या टोकाशी. पट्टीवर मोजला तर बरोबर 30 सेंटीमीटर. या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे साधारण 418 किलोमीटर, म्हणजे झाले साडेबारा हजार.

ताशी 900 धरले तर चौदा तास. तिकीट मात्र सोळा सांगत होतं: तिथे उन्हाळ्यात घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे, साडेसहात ते मिळवायचे. वरचे दोन तास कुठे गेले? पाकिस्तानची हवाई हद्द आपल्या विमानांना त्या एप्रिलपासून बंद होती, त्यामुळे वळसा. शिवाय उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, जाताना ते तोंडावर येतात. परतीचं तिकीट बघा: सकाळी 11.30 ला निघून दुसऱ्या दिवशी 11.30 ला मुंबईत. चोवीसातून साडेनऊ गेले, उरले साडेचौदा. (हिवाळ्यातलं लंडन असतं, म्हणजे साडेपाच तास मागे, तर मनगटावरचं घड्याळ उलटं धरून काम भागलं असतं. आपलं नशीब न्यू जर्सीत.)

गोळीचं त्यावरून जुळलं. आपल्याकडची रात्री 9 ची गोळी तिथे सकाळी 11.30 ला. डॉक्टरांनी ते मोठ्या अक्षरात लिहून दिलं, कागद पासपोर्टमध्ये ठेवला. एक घोळ मात्र थोडक्यात टळला. तिकिटावर 12 तारीख आणि वेळ रात्री 1.30, म्हणजे घर 11 लाच सोडायचं. मी गाडी 12 च्या संध्याकाळची सांगून बसलो होतो! ताईनेच फोनवर विचारलं म्हणून कळलं.

11 ला संध्याकाळी साडेपाचला कुलूप लावलं, कसारा घाट उतरलो, पावणेदहाला विमानतळ.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला, विमान नुकतंच टेकलं होतं. तिने घड्याळ काही बदललं नव्हतं.

“माझ्यात साडेपाच वाजलेत रे. काल याच वेळी आपण कुलूप लावलं ना?”