रंगवलेल्या काँक्रीटचे सीलिंग: आतील जमीन आणि बाहेरील अंगण, कामाची प्रगती

आतील खोलीच्या जमिनीवर सीलरचा (काँक्रीटचे पाण्यापासून व झिजेपासून रक्षण करणाऱ्या द्रवाचा) शेवटचा हात पूर्ण झाला असून अंगणाच्या काँक्रीटवर सध्या केवळ चाचणीचे चौकोन आहेत. दोन्ही ठिकाणी ॲसिड स्टेनच (काँक्रीट रंगवण्याचा आम्लयुक्त द्रव) वापरला आहे. तरीही दोन्हींसाठी एकच सीलर आणण्याचा मोह मी टाळला, कारण आतील जमिनीला पायांची घासणी सहन करायची आहे, तर अंगणाला ऊन, पाऊस आणि खालून चढणारी ओल यांच्याशी एकाच वेळी सामना करायचा आहे. सीलरची निवड बहुतेक जण चमक पाहून करतात. माझ्या मते चमकेचा विचार नंतर करावा. पाणी कोणत्या बाजूने येणार आणि कोणत्या वाटेने बाहेर पडणार, हे आधी ठरवावे.

सीलरच्या आधीच्या धुलाईबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सीलर सुटण्याच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा तिथेच सापडते. ॲसिड स्टेनमध्ये धातूंचे क्षार आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असते. आम्ल काँक्रीटचा वरचा थर किंचित खाते आणि क्षार तेथील मोकळ्या चुन्याशी अभिक्रिया करून रंग धरतात. रंग आत बसला, तरी अभिक्रियेत भाग न घेतलेली भुकटी वर उरते व तीच रंग असल्याचा भास निर्माण करते. खायच्या सोड्याच्या द्रावणाने आम्ल शमवावे, ताठ केसांच्या ब्रशने घासावे, पाणी ओल्या व्हॅक्यूमने ओढून घ्यावे आणि पांढरे फडके फिरवल्यावर ते जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवावे. शेवटच्या पाण्यात पीएच पट्टी बुडवून ते उदासीन झाल्याची खात्री करून घेतली. धुतल्यावर रंग फिका दिसू लागतो, पण त्याने घाबरून जाऊ नये. पाणी शिंपडल्यावर दिसणारी छटा ही सीलरनंतरच्या छटेच्या बरीच जवळ असते.

यानंतर ओलीची तपासणी. सुमारे 45 सेंटिमीटर बाजूचा जाड प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवून किमान 16 तास ठेवावा. खालच्या बाजूला थेंब जमले किंवा काँक्रीट काळवंडले, तर ओल अजून वर येत आहे असे समजावे. खोलीतील चौकोन सर्व जागी कोरडे निघाले. अंगणात, झाडांच्या वाफ्यालगतच्या भागात मात्र प्लास्टिकखाली दव जमले, आणि त्या एका निरीक्षणाने पुढची योजना बदलली.

आत पाण्यावर आधारित दोन घटकांचे पॉलियुरेथेन वापरले. ॲक्रिलिक स्वस्त आणि लावायला सोपे असते. परंतु ते मऊ असल्याने खुर्च्यांच्या पायांचे ओरखडे त्यावर लवकर उमटतात. इपॉक्सी कठीण आणि चिवट असले, तरी अतिनील किरणांनी पिवळे पडते, म्हणून मोठ्या खिडक्यांच्या खोलीत ते उघडे ठेवणे मला पटले नाही. दोन्ही घटक मिसळल्यानंतर मिश्रण मर्यादित काळच कामाचे राहते, त्यामुळे एका वेळी तेवढेच मिसळावे जेवढे त्या काळात संपेल. पातळ दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने, आणि रोलरची ओली कड सतत जिवंत ठेवणे (म्हणजे आधीच्या पट्ट्याची कड वाळण्याआधीच पुढचा पट्टा तिला भिडवणे), एवढे सांभाळले तर पट्टे पडत नाहीत. जाड एकच हात देऊन वेळ वाचवण्याचा विचार करणाऱ्यांनी फुगे आणि दुधाळ डाग यांचीही तयारी ठेवावी. लावताना हे पॉलियुरेथेन पांढरट दिसते व वाळताना पारदर्शक होते. रंग मात्र सॉल्व्हंटच्या (पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावकात विरघळवलेल्या) ॲक्रिलिकइतका गडद खुलत नाही, ही त्याची खरी उणीव आहे.

अंगणाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, विशेषतः कडेच्या निळसर-हिरव्या पट्ट्यामुळे. ही छटा तांब्याच्या क्षारांपासून येते, आणि वाफ न सोडणाऱ्या थराखाली ओल अडकली की ती तपकिरी किंवा काळी पडू शकते. लोह व मँगनीज यांच्या तपकिरी छटा या बाबतीत बऱ्याच सोशिक असतात. त्यामुळे वाफ्यालगतच्या पट्ट्यावर सिलेन-सिलोक्झेनचा आत मुरणारा सीलर लावायचे ठरवले आहे. तो छिद्रांच्या भिंतींना पाणी झटकण्याचा गुण देतो, पण वर पापुद्रा तयार करत नाही, म्हणून आतील वाफ बाहेर पडत राहते. त्याचे मोल असे की रंग कोरडा आणि मंदच दिसतो. उरलेल्या, कोरड्या निघालेल्या भागावर सॉल्व्हंटच्या ॲक्रिलिकचे चौकोन लावून पाहिले असून तेथे तपकिरी रंगाची खोली देखणी उठली आहे.

बाहेर सीलर लावण्याची वेळ उन्हाच्या हिशेबाने निवडावी. सकाळी काँक्रीट तापत जाते, छिद्रांतील हवा प्रसरण पावून वर येते आणि अर्धवट वाळलेल्या थरात फुगे अडकतात. संध्याकाळी तापमान उतरत असताना हाच थर सपाट बसतो. ॲक्रिलिकचे चौकोन याच कारणाने उतरत्या उन्हात लावले. शेवटच्या हातात पॉलिमरची बारीक भुकटी मिसळलेला चौकोन ओला करून पायाखाली पाहिला. साध्या चौकोनापेक्षा पकड स्पष्टपणे चांगली आहे, आणि चमक थोडी कमी झाली तरी पायऱ्यांजवळ मी तोच स्वीकारणार आहे. सॉल्व्हंटसोबत काम करताना साधा कापडी मुखपट्टा उपयोगी नसतो. सेंद्रिय वाफा शोषणारे काडतूस बसवलेला मास्क लागतो, आणि जवळपास कोठेही ज्योत किंवा ठिणगी असता कामा नये.

एका चौकोनावर ओलसर हवेमुळे पांढरट झाक आली. ती सीलरच्या थरातील असावी की खालून आलेल्या चुन्याची, हे आधी ओळखणे गरजेचे असते, कारण उपाय वेगवेगळे आहेत. थोडे झायलीन (ॲक्रिलिक विरघळवणारा द्रावक) टाकल्यावर झाक नाहीशी झाली व थर पुन्हा सपाट बसला, यावरून दोष थरातच असल्याचे दिसले. खालून लोणा फुटला असता, म्हणजे पाण्याबरोबर वर आलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइडशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट झाला असता, तर थर काढून ओलीचा मार्ग बंद केल्याशिवाय गत्यंतर नव्हते. जुन्या, अज्ञात सीलरवर पुन्हा हात देण्यापूर्वीही झायलीनचा बोळा उपयोगी पडतो: थर चिकट झाला तर ते बहुधा ॲक्रिलिक आहे आणि नवे ॲक्रिलिक त्यात विरघळून एकजीव होईल, काहीच झाले नाही तर पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी समजून पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरखरीत करूनच पुढे जावे.

देखभालीची व्यवस्था आतापासूनच लावली आहे. आत सीलरवर फ्लोअर पॉलिशचे दोन पातळ थर दिले असून झीज त्यांनीच सोसायची आहे. ते घासले गेले की तेवढेच पुन्हा द्यावे, खालच्या पॉलियुरेथेनला हात लावू नये. धूळ रोज कोरड्या मायक्रोफायबर मॉपने काढावी, कारण बारीक वाळू पायाखाली पॉलिश पेपरसारखी काम करते, आणि पुसण्यासाठी उदासीन पीएचचा साबण वापरावा. व्हिनेगर, ब्लीच आणि अमोनियाचे क्लीनर पॉलिशचा थर निकामी करतात. बाहेर पाण्याच्या थेंबाची परीक्षा पुरेशी आहे: थेंब गोल राहिला तर सीलर शाबूत आहे, पसरून काँक्रीट गडद झाले तर नवा हात देण्याची वेळ आली आहे. बाहेरच्या ॲक्रिलिकला एक-दोन वर्षांनी असा हात लागतोच, हे गृहीत धरूनच निवड केली. रबराच्या चटया व कुंड्यांखालील रबरी बूच यांतील प्लास्टिसायझर (रबर मऊ ठेवणारी रसायने) ॲक्रिलिकमध्ये उतरून डाग पाडतात, म्हणून कुंड्या लाकडी पायांवर ठेवायच्या आहेत. वाफ्यालगतच्या पट्ट्याचे सीलिंग, तेथे प्लास्टिकचा चौकोन पुन्हा लावून ओल किती कमी झाली ते पाहिल्यानंतरच सुरू करणार आहे.