बॅनरवरचा फोटो

उलटतपासणीला तासभर झाला असेल. बलात्काराचा खटला, म्हणून कामकाज इन कॅमेरा. दार बंद, आत न्यायाधीश, लघुलेखक, आम्ही दोन्ही बाजूंचे वकील, पडद्यापलीकडे आरोपी आणि पिंजऱ्यात फिर्यादी. बचाव पक्षाच्या वकिलांनी तिच्यापुढे एक छायाचित्र धरलं. एका नेत्याच्या सभेचं. मंचामागच्या बॅनरवर आरोपीचा हातभर मोठा चेहरा आणि खाली लाल अक्षरांत ‘हातपाय तोडा’.

“ओळखपरेडच्या आधी तुम्ही हा बॅनर पाहिला होता?”

“हो. वस्तीच्या कमानीवरपण लावला होता. येता-जाता दिसायचा.”

तिने खरं तेच सांगितलं. सरकार पक्षाचा एक पुरावा मात्र तिथल्या तिथे निकामी झाला.

आरोपी अनोळखी असला की ओळखपरेड लागते, म्हणजे साक्षीदाराने रांगेतल्या माणसांतून त्याला ओळखून दाखवायचं. ती तुरुंगात होते, पोलीस नव्हे तर कार्यकारी दंडाधिकारी घेतात, बहुतेक वेळा नायब तहसीलदार. एका आरोपीमागे निदान सहा डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं, लागतात, तेही साधारण त्याच वयाचे, बांध्याचे आणि रंगाचे. रांगेतली जागा आरोपी स्वतः निवडतो, हवे तर कपडे बदलतो. अटकेपासून परेडपर्यंत त्याला तोंड झाकूनच न्यायचं आणि तशी नोंद स्टेशन डायरीत व रिमांड अर्जात करायची. एवढी सगळी खटपट एका गोष्टीसाठी असते: साक्षीदाराने त्याला गुन्ह्याच्या वेळी पाहिलं, त्यानंतर थेट परेडमध्येच. इथे अटकेच्या दुसऱ्या दिवशी फोटो बाहेर गेला, चौथ्या दिवशी सभा झाली आणि परेड अकराव्या दिवशी. तिने ओळखलं ते गुन्हेगाराला की बॅनरवरच्या चेहऱ्याला, या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर उरलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिचा भाऊ व्हरांड्यात भेटला. “मॅडम, ते सभेतले साहेब म्हणाले तेच खरं. शरियतसारखा कायदा पाहिजे. एका दिवसात निकाल.”

त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. 2016 मध्ये कोपर्डीतल्या बलात्कार आणि खुनाच्या घटनेनंतर हीच मागणी जाहीरपणे झाली होती आणि लोकांच्या तोंडी ती बसली. कोपर्डीच्या तिघांना फाशीची शिक्षा मात्र नोव्हेंबर 2017 मध्ये अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने आपल्याच दंडसंहितेखाली सुनावली, हे कुणी सांगत नाही.

भावाला मी एकच विचारलं, “त्या रात्री पाहणारं कोण होतं?”

“कोणीच नाही.”

मग त्या कायद्यात त्याच्या बहिणीचं काय झालं असतं ते मी त्याला समजावलं. परंपरागत इस्लामी फौजदारी कायद्यात ‘हद’ म्हणजे ठरावीक कडक शिक्षा. झिना, म्हणजे विवाहबाह्य संबंध, यात हद लावायला कबुली तरी हवी, नाहीतर प्रत्यक्ष कृत्य पाहिलेले चार पुरुष साक्षीदार. चार नसताना आरोप केला तर आरोप करणाऱ्यालाच 80 फटके. चोरीत हात तोडायचा तर मालाची किंमत ठरलेल्या मर्यादेवर हवी आणि तो राखणीतून चोरलेला हवा. शंका आली की हद टाळा, असा फकिहांचा, म्हणजे इस्लामी कायदेपंडितांचा, नियमच आहे. हद बसत नसेल तिथे ‘ताझीर’ उरते, म्हणजे काझी स्वतःच्या अखत्यारीत ठरवेल ती शिक्षा. शिक्षा जितकी भयंकर, तितका पुरावा कडक मागायचा, एवढी सावधगिरी त्या शास्त्रात आहे. भाषण करणाऱ्यांना त्यातली फक्त तलवार दिसते.

पाकिस्तानात 1979 मध्ये झिया-उल-हक यांनी हुदूद (‘हद’चं अनेकवचन) वटहुकूम आणले. बलात्कार सिद्ध झाला नाही की बाईची तक्रार किंवा तिचं गरोदरपण हीच झिनाची कबुली धरली जाऊ लागली. 1983 मध्ये जवळजवळ आंधळ्या असलेल्या एका मुलीला अशीच 15 फटक्यांची आणि 3 वर्षं कैदेची शिक्षा झाली. ती पुढे फेडरल शरियत कोर्टाने रद्द केली, पण बलात्काराचा गुन्हा पुन्हा साध्या दंडसंहितेत यायला 2006 उजाडलं. आपल्याकडे पीडितेची एकटीची साक्ष विश्वासार्ह ठरली तर तेवढ्यावर शिक्षा होते. हे ऐकून तो बराच वेळ बाकावर गप्प बसून राहिला.

दुपारी फेरतपासणी, म्हणजे तिला पुन्हा प्रश्न विचारायची आमची पाळी. फिर्याद घटनेनंतर पाच तासांत नोंदवलेली होती. तीत गुन्हेगाराच्या डाव्या भुवईवरची जुनी खूण होती, वरचा दात अर्धा तुटलेला होता, खांबावरचा दिवा किती पावलांवर होता तेही होतं. तेव्हा अटक नव्हती, फोटो नव्हता, बॅनरही नव्हता. एकेक वर्णन तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. अटक पंचनाम्यात दोन्ही खुणा नोंदलेल्या होत्या, हे नशीब. घाईत तो रकाना अनेकदा कोरा राहतो.

निकालात न्यायाधीशांनी परेड पूर्णपणे बाजूला ठेवली. पहिलं वर्णन आणि डीएनए अहवाल यांवर दोष सिद्ध झाला, दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. आरोपी उच्च न्यायालयात अपिलात गेला आहे. अपिलातला पहिला मुद्दा बॅनरचाच आहे आणि सभेचं छायाचित्र सोबत जोडलेलं आहे.