मौवा बघायला गोदावरीला (नाशिकच्या नव्हे, काठमांडूजवळच्या)

नेपाळीतला ‘मौवा’ म्हणजे आपला मोह नव्हे. काही जण त्याला ‘महुवा’ही म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतोच. हे झाड अक्रोडाच्या कुळातलं, एंगेलहार्डिया स्पिकाटा. काठमांडू खोऱ्याच्या दक्षिणेला, फुलचोकी डोंगराच्या पायथ्याशी, चिलाउने आणि कटुस या झाडांच्या रानात ते सापडतं.

विमानानं जात असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या. १५ ते ६५ वयाच्या माणसांचं आधार कार्ड चालत नाही. ललितपूरच्या लगनखेलहून गोदावरीची बस मिळते. वनस्पती उद्यान साधारण १५०० मीटरवर आहे. तिथून फुलचोकीच्या वाटेला लागायचं, पण या झाडासाठी शिखर गाठायची गरज नाही. २००० मीटरच्या वर मौवा शोधणं म्हणजे पायांना उगाच शिक्षा.

झाड वसंतात फुलतं, म्हणून फळांसाठी मे महिना धरा. पाऊस सुरू झाला की जळवा आल्याच. मग पँट मोज्यात खोचा आणि मीठ जवळ ठेवा.

ओळख खालून करा, कारण फांद्या उंच असतात. वाटेवर पडलेलं फळ उचललं की शंका उरत नाही. वाटाण्याहून लहान, केसाळ बोंड आणि त्याला चिकटलेला तीन पात्यांचा कागदी पंख. मधलं पातं बाजूच्या दोघांच्या जवळपास दुप्पट लांब. झाडावर अशा फळांच्या लांब माळा लोंबतात. पान संयुक्त असतं, म्हणजे एकाच देठावर बरीच छोटी पानं (पर्णिका), पण टोकाला एकटी पर्णिका बहुधा नसते. अक्रोडाला ती असते. पडलेली काडी उभी चिरली तर मौव्याचा गाभा भरीव दिसतो, अक्रोडाचा मात्र कप्प्याकप्प्यांचा.

फळ नसताना पानावरून ओळखायला जाल तर जपून. याच पट्ट्यात ‘भलायो’ आहे, आपल्या बिब्ब्याच्या कुळातला. त्याचंही पान संयुक्त, टोकाला पर्णिका असलेलं, आणि चीक लागला की अंगावर उततो. खात्री नसलेली फांदी तोडून बघू नका. चीक लागलाच तर लगेच साबणानं धुवा, आणि तोवर डोळ्यांना हात नको.

वस्तीजवळची झाडं चाऱ्यासाठी छाटलेली असतात. त्यांवर फळांच्या माळा शोधत बसू नका, रानाच्या आत जा. परतीची शेवटची बस किती वाजता, हे उतरतानाच चालकाला विचारून ठेवा.