लाहौलच्या शेतातला हिंग

हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात, केलाँग गावाच्या वर, चढावरच्या एका शेतात मी हिंगाचं रोप आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. वीतभर उंची, राखाडी-हिरवी, बारीक चिरलेली पानं. एक पान चुरगळून नाकाशी नेलं आणि थेट आमटीच्या फोडणीचा वास!

रोज फोडणीत पडणारा हा जिन्नस आपल्याकडे पिकतच नव्हता. वर्षाला सुमारे 1200 टन कच्चा हिंग अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो. 2018 मध्ये इराणहून बियाणं आणलं गेलं, पालमपूरच्या हिमालय जैवसंपदा प्रौद्योगिकी संस्थेनं रोपं तयार केली आणि 15 ऑक्टोबर 2020 ला लाहौलमधल्या क्वारिंग गावात पहिलं रोप लागलं. रोहतांग खिंडीखालचा अटल बोगदा खुला होऊन तेव्हा जेमतेम बारा दिवस झाले होते.

शेताचे मालक साठीच्या पुढचे. मटार खुरपता खुरपता म्हणाले, "पांच साल ये सिर्फ खाएगा जी, देगा कुछ नहीं." खरंच आहे. हिंगाच्या मुळ्या पोसायलाच पाचेक वर्षं जातात. मग मुळाच्या डोक्याला काप द्यायचा, पाझरलेला चीक सुकू द्यायचा, खरवडायचा आणि पुन्हा काप द्यायचा. मटाराचे पैसे मात्र एकाच उन्हाळ्यात हातात येतात. म्हणून कुलाच्या, म्हणजे डोंगरी पाटाच्या, पाण्याखालची चांगली जमीन त्यांनी मटाराला ठेवली होती आणि हिंग लावला होता कडेच्या दगडाळ, कोरड्या पट्टीत. ते योग्यही होतं, कारण पाणी साचलं की हिंगाचं मूळ कुजतं.

डोंगरातला शेतकरी नवं काही करायला बिचकतो, असं आपण शहरात बसून सहज म्हणतो. लाहौलला ते मुळीच लागू नाही. जव आणि काठूवर (कुट्टूवर) जगणाऱ्या या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी 'कुठ' ही औषधी मुळांची वनस्पती लावली. तिनं घरं सावरली, पुढे भाव पडले. मग बियाण्याचा बटाटा आला. इथल्या कोरड्या थंडीत मावा ही कीड कमी, त्यामुळे बियाणं निरोगी निघतं. शेतकऱ्यांनी स्वतःची सहकारी सोसायटी काढून ते देशभर विकलं. आता मटार, फ्लॉवर, आइसबर्ग लेट्यूस. इतकी पिकं आलेली-गेलेली पाहिल्यावर माणूस नेमके प्रश्न विचारतो. रोप मेलं तर दुसरं मिळेल का? पाच वर्षांनी भाव काय असेल?

मला वाटतं, रोपं फुकट वाटून सरकारची जबाबदारी संपत नाही. दीड-दोन बिघ्यांच्या धन्यानं पट्टीभर जमीन पाच वर्षं अडकवायची, तर खरेदीची हमी त्याला आधीच, लेखी मिळाली पाहिजे.

निघताना मी त्यांना सांगितलं, की कच्च्या हिंगावर प्रक्रिया होते ती मुख्यतः उत्तर प्रदेशात, हाथरसला. त्यांनी खुरपं खाली ठेवलं आणि विचारलं, "तिथले व्यापारी इथवर येतील, की माल आम्हीच पोचवायचा?"