भाच्याचा नळ तुंबला

आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू, बागेत व्यापाऱ्याची माणसं, क्रेट मोजायचे, आणि त्यातच मेलबर्नहून भाच्याचा व्हिडिओ कॉल. "मामा, बिअर बाहीरच येऊन नाई राह्यली!"

फोन फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबवायच्या डब्याच्या, नळापुढे धरलेला. हिरवट चिखलाचे चार थेंब पडले आणि नळ बंद. पोरानं 23 लिटरच्या डब्यात 100 ग्रॅम गॅलेक्सी जातीच्या हॉप्सचे (बिअरला वास आणि कडूपणा देणाऱ्या फुलांचे) पेलेट्स, म्हणजे दाबलेल्या गोळ्या, मोकळेच ओतले होते आणि चौथ्या दिवशी धुतलेल्या बाटल्या मांडून बसला होता.

मी पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत नोकरी केली, मग वरुडकडे येऊन संत्र्यात पडलो. इथं घरी बिअर करत नाही. विनापरवाना करणं गुन्हा आहे, आणि नदीपलीकडं वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदीच. ऑस्ट्रेलियात स्वतःपुरती घरी केलेली चालते. तेव्हा माझी हौस आता फोनवरच फिटते.

म्हटलं, नळाचं मागून पाहू, आधी ग्रॅव्हिटी सांग. ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्याच्या तुलनेत बिअरची घनता; साखर आंबत जाते तसा हा आकडा उतरतो. हॉप्स टाकण्याआधी 1.013 होती, दोन दिवस हललेली नव्हती, म्हणून आंबणं संपलं असं त्यानं धरलं. नंतर मोजलीच नाही. उकळलेल्या पळीनं वरून नमुना काढायला लावला. हायड्रोमीटर, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती नळी, 1.010 वर.

इथंच घरी बिअर करणारे फसतात. हॉप्स म्हणजे नुसता वास नव्हे. त्या फुलांत स्टार्च तोडणारी एन्झाइम्स असतात. उकळत्या वर्टमध्ये, म्हणजे न आंबलेल्या धान्याच्या गोड रसात, ती मरतात, पण आंबवणाच्या शेवटी गार बिअरमध्ये टाकलेल्या हॉप्समध्ये जिवंत राहतात. यीस्टला न पचलेल्या लांब साखळीच्या साखरा उरलेल्या असतात, त्यांचे ती तुकडे पाडतात. झोपलेलं यीस्ट उठतं आणि पुन्हा खायला लागतं. ब्राउन आणि मॉरिस या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी हे 1893 मध्येच लिहून ठेवलंय. पुढं ते बरंचसं विस्मरणात गेलं, आणि पोतंभर हॉप्सच्या बिअरची फॅशन आल्यावर लोकांना पुन्हा आठवलं.

आता हिशेब बघा. ग्रॅव्हिटीचा एक पॉइंट (म्हणजे 0.001) उतरला की बिअरच्या आकारमानाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बाटलीत अडीचपट वायू असला की छान फेस येतो, आणि तेवढी साखर तो मोजून घालणारच होता. हे तीन पॉइंट त्यावर बाटलीत उतरले असते तर आणखी दीडपट, म्हणजे आकडा चारपटीच्या घरात. साध्या काचेच्या बाटलीचा तो बॉम्बच. नळ तुंबला हे बरंच झालं म्हणायचं.

म्हणून बाटल्या परत कपाटात. डबा 20 अंशांवर राहू द्यायचा आणि ग्रॅव्हिटी तीन दिवस एकाच आकड्यावर थांबेपर्यंत हात लावायचा नाही. दुसऱ्यांदा उठलेलं यीस्ट लोण्यासारखा वासही सोडतं. घाईनं गार केलं तर तो बिअरमध्येच राहतो. यीस्टला वेळ दिला तर तेच तो खाऊन टाकतं.

मग नळ. पेलेट म्हणजे दळून दाबलेली फुलं. ओली झाली की भुगा होतो, आधी वर तरंगतो, मग सावकाश बसतो. डबा फ्रिजमध्ये 2-3 अंशांवर दोन दिवस ठेवला की गाळ तळाशी घट्ट बसतो. मात्र गार होताना आतली हवा आकसते आणि एअरलॉकमधून (झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या नळीतून) बाहेरची हवा ओढली जाते. ऑक्सिजन लागला की हॉप्सचा वास मरतो, रंगही काळवंडतो. एअरलॉकच्या जागी कार्बन डायऑक्साइडचा फुगा लावायचा.

पुढच्या वेळी हॉप्स पिशवीत घाल म्हटलं. पिशवी उकळलेली, आत स्टीलचं वजन, आणि निम्मी रिकामी, कारण हॉप्स फुगतात. घट्ट बांधली तर मधले कोरडेच राहतात. ताई मागून म्हणाली, "पुरचुंडी सैलच बांधावं लागते." पोरगा काढा करतो असा तिचा समज आहे. मी तो तसाच राहू दिला.

हॉप्स कधी टाकायचे यावर दोन तट आहेत. काही जण यीस्ट जोरात असतानाच टाकतात. तेव्हा यीस्ट हॉप्समधल्या जिरॅनिऑल या सुगंधी घटकाचं सिट्रोनेलॉल हा दुसरा सुगंधी घटक करतं आणि वास फळांकडं झुकतो. पण उसळणारा वायू बराच वास घेऊनही जातो, आणि पेलेट्स भसकन ओतले तर फेस छतापर्यंत. माझं मत, तीन-चार पॉइंट उरले असताना टाकावेत. झाकण उघडताना शिरलेला ऑक्सिजन यीस्ट तेव्हाच खाऊन टाकतं. आणि दोन-तीन दिवस पुरे. संत्र्याच्या सालीला नख लावलं की तेल लगेच उडतं ना, हॉप्सच्या तेलालाही आठवडा लागत नाही. जास्त ठेवले की गवताचा वास येतो. कडूपणाची फार काळजी इथं नको. तो मुख्यतः उकळताना येतो.

एक सांगायचं राहिलं होतं, ते रात्री मेसेज करून कळवलं. तळाचा गाळ अंगणात टाकू नको, त्यांच्याकडं लॅब्राडोर आहे. हॉप्स कुत्र्याला विषारी असतात. अंगातला ताप एवढा चढतो की जीव जातो. पिशवीत बांधून थेट झाकणाच्या कचरापेटीत.